दोन शे आणि दोनशे

मी एक जुना मीटर आहे. मित्रांनो, मीटर म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे रिक्षा आली असेल, नाहीतर घराच्या दारामागची विजेची पेटी. मी तसा नाही. आणि मला कुणी डबा म्हटलेले मुळीच आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझे अंग पिवळ्या पत्र्याचे आहे. डोक्यावर धरायला मूठ आहे, पोटात दोन सेल आहेत आणि समोर काचेखाली एक बारीक काटा आहे. डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत, अंगाला लागले तरी कळत नाहीत, असे काही किरण या जगात असतात. ते मला ऐकू येतात. ते आले की मी टिकटिकतो आणि माझा काटा हलतो. एवढेच माझे काम.

खरे तर जगात पूर्ण शांतता कुठेच नसते. आसपास काही नसले तरी मी अधूनमधून एखादी टिक करतोच. काळ्या पाषाणातून, मातीतून, आभाळातून इवले इवले किरण सारखे येत असतात. केळ्यातसुद्धा थोडासा किरण असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? रावेरकडचे केळ्यांनी भरलेले ट्रक शेजारून गेले, तर माझा काटा काही हलत नाही. तेवढे बारीक मला कळत नाही. पण उगाच वाटते, कुणीतरी झोपेत माझे नाव घेतले.

माझा जन्म दूरच्या एका शहरातल्या कारखान्यात झाला. आम्ही एका खेपेची शंभर भावंडे. काही समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रांत गेली, काही मोठ्या दवाखान्यांत गेली, आणि मी आलो धुळ्याला. देवपुरात हेमराजसाहेबांची छोटीशी कंपनी होती. माणसे सगळी मिळून अकरा. थोरल्या भावंडांचा थाट ऐकून मला सुरुवातीला जरा वाईट वाटले, हे कबूल करतो.

आमची कंपनी जाड लोखंडी नळांचे सांधे तपासायची. डॉक्टर हाडाचा फोटो काढतात ना, तसा वेल्डिंगचा फोटो. आत कुठे पोकळी राहिली असेल तर ती फोटोत दिसते. त्यासाठी एक जडशीळ पेटी होती आणि तिच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा. त्याला सगळे सोर्स म्हणत. हँडल फिरवले की तो तारेच्या टोकाला बसून नळीतून बाहेर जायचा, फोटो काढायचा, आणि उलटे फिरवले की पेटीत परतायचा. दाणा लहान, पण त्याचे किरण भारी. तो खरोखर घरी परतला की वाटेत कुठे अडकला, हे माणसाला कसे कळणार? त्यासाठी मी.

मला हातात धरायचे ते कौतिकनाना. शिंदखेड्याकडचे, पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे. रोज सकाळी खांद्यावरच्या रुमालाने माझी काच पुसत. जोडीदार अतिक धुळ्याचाच, तीन पिढ्या वेल्डिंग करणाऱ्या घरातला, हात सफाईदार आणि तोंड त्याहून. "नाना, डब्बा चुप है, चलो," असे म्हणून तो पुढे जायला निघाला की नाना त्याच्या सदऱ्याचे टोक धरत. "पहिले मीटर, मंग आपन." नानांचे हे बोलणे ऐकले की मी माझ्या पत्र्यात मावेनासा होई.

पेटीपासून एक मीटर अंतरावर माझा काटा दोनवर थांबला, की सोर्स घरी आला असे समजायचे. मग नाना देवपुरातल्या कार्यालयात फोन लावायचे. फोन घ्यायची मयुरी. ती नोंदवह्या सांभाळायची, अर्ज भरायची, मुंबईला जाणारे सगळे कागद तीच लिहायची. तिचेही घर अहिराणी बोलणारे, त्यामुळे दोघांचे बोलणे घरच्यासारखे चालायचे. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात.

"मयुरी, आखरी फोटो व्हई गया."

"किती शे, नाना?"

"दोन शे. साहेबले सांग."

"बरं, नाना."

आणि ती वहीत लिहायची, दोन. वर्षानुवर्षे, रोज संध्याकाळी, हेच. मला हे बोलणे फार आवडायचे. दिवस मिटल्यासारखा वाटायचा.

दर दोन वर्षांनी मला तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवत. माझा काटा खरे बोलतो की नाही, ते तिथे बघायचे आणि माझ्या पाठीवर नवी तारीख चिकटवायची. करोनाची टाळेबंदी नुकतीच उठली होती तेव्हा मी तिथल्या कपाटात पंधरा दिवस पडून होतो, आणि शेजारी होता अणुवीज केंद्रातला एक थोरला मीटर. कपाटातला अंधार, बाहेर पंख्याची घरघर. आम्ही हलकेच टिकटिकत बोलत राहायचो. ते बोलणे खरे होते की मला पडलेले स्वप्न, हे आज नक्की सांगता येत नाही. मीटरला स्वप्ने पडत नाहीत असे म्हणतात. म्हणोत.

मी विचारले, "तुमच्याकडे चूक झाली तर काय करतात?"

तो म्हणाला, "सांगतात. एखादी झडप नीट बसली नाही, पंप मधेच थांबला, तरी किरणांवर देखरेख ठेवणाऱ्या मुंबईच्या नियामक मंडळाला कळवायचं. कोणती गोष्ट तासाभरात सांगायची आणि कोणती दिवसभरात, तेही ठरलेलं असतं."

"मग शिक्षा होते?"

"चुकीची थोडी. लपवण्याची मोठी."

"आणि टाळेबंदीत? तेव्हा तर माणसंच नव्हती."

"तेव्हा आमच्या साहेबांनी आधीच पत्र लिहिलं. अमुक तपासणी वेळेत जमणार नाही, तोवर अशी काळजी घेऊ. मंडळानं अटी घातल्या आणि मुदत वाढवून दिली. नियम थोडासा वाकतो रे, पण त्याला विचारावं लागतं. सवलत मागितली तर ती सवलत. न विचारता घेतली, तर ती चोरी."

आमची छोटी कंपनीसुद्धा त्याच मंडळाच्या नियमांखाली होती. मला ते बोलणे ऐकून उगाच मोठे झाल्यासारखे वाटले.

पण पुढच्या एका वर्षी कामाची एकच झुंबड उडाली. माझी तारीख आली आणि गेली. "हा नळ संपू दे, मग पाठवू," असे हेमराजसाहेब दोनदा म्हणाले. माझ्या पाठीवरचा कागद पिवळा पडला. सेल बदलायलाही उशीर होऊ लागला. कुणी मुद्दाम केले नाही. पण मुदत वाढवून मागणारे पत्रही कुणी लिहिले नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दिवस होते. आम्ही सोनगीरजवळ, महामार्गापासून आत एका माळावर नळाचे सांधे तपासत होतो. दूर किल्ला उन्हात थरथरत होता, जणू आत्ता विरघळेल. दुपारचे साडेतीन. जीप फिल्म घेऊन धुळ्याला गेली होती आणि अतिकचा फोन जीपमध्येच राहिला होता. शेवटचा फोटो झाला. नानांनी हँडल उलटे फिरवले आणि मला उचलून पेटीकडे निघाले.

पेटी अजून दहा पावलांवर होती. आणि मी ओरडायला लागलो.

मित्रांनो, इतकी वर्षे मी टिकटिकलो, पण ओरडलो त्या दिवशीच. काटा झरझर चढला आणि दोनशेवर जाऊन थरथरत राहिला. एक दगड घसरून नळी चेपली होती आणि सोर्स वाटेतच अडकला होता. नाना जागच्या जागी थांबले. एक पाऊल मागे, मग दुसरे. त्यांचा हात गार पडलेला मला मुठीतून कळला. "अतिक, मांगे हट," एवढेच ते म्हणाले. मला समोर धरून, माझा काटा खाली उतरेपर्यंत ते मागे गेले आणि तिथे दोरी बांधली. मग फोन लावला. महामार्गावर ट्रकांचा गोंगाट चालू होता.

"मयुरी, दोनशे! साहेबले सांग!"

"बरं, नाना," मयुरी म्हणाली.

आणि फोन बंद पडला. उन्हात त्याची बॅटरीच संपली. पण नानांचा जीव भांड्यात पडला होता, कारण निरोप पोचला होता. आता साहेब निघतील, अर्ध्या तासात येतील.

तिकडे देवपुरात मयुरी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरत होती. तिने एका हाताने वही ओढली आणि रोजच्यासारखे लिहिले. दोन.

अर्धा तास गेला. तास गेला. पायवाट दोरीच्या आतून जात होती, म्हणून नाना एका टोकाला आणि अतिक दुसऱ्या टोकाला उभे राहिले. दोघांपैकी एकालाही जागा सोडता येईना. ऊन उतरायचे नाव घेत नव्हते. मी नानांच्या हातात एकसारखा टिकटिकत होतो आणि मला सारखे वाटत होते, की तो दाणा तिकडून मला काहीतरी सांगतो आहे. त्याला घरी जायचे आहे, एवढेच.

तेवढ्यात शेळ्या घेऊन धुरपदाबाई आल्या. सोनगीरच्याच. रोज त्या वाटेने जाणाऱ्या.

"अक्का, थांब व! दोरीना पल्याड जाऊ नको."

"काबर? बठ्ठं रान तुना बापनं शे का?"

"रान तुनंच शे, अक्का. पन तठे काय शे, ते दिखस नई."

"भूत शे का?"

"भूतना बाप शे."

धुरपदाबाईंनी नानांच्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्या काट्याकडे पाहिले, आणि हाकारून शेळ्या वळवल्या. वळताना त्यांच्या कमरेचा फोन नानांना दिसला. त्यांनी तो मागून घेतला आणि पुन्हा देवपूरला लावला.

"मयुरी, साहेब निंघनात का?"

"कोठे, नाना?"

"कोठे काय इचारस? दोनशे सांगं ना मी तुले!"

"हां, दोन शे. लिखी लिधं ना मी."

 नानांचा आवाज चढला. "दोन नई व, बेटी! दोनशे! दोनवर दोन शून्य!"

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि "साहेब!" अशी हाक.

हेमराजसाहेब चाळीस मिनिटांत पोचले, यात त्यांचे कौतुकच आहे. त्यांनी किरण अडवायला शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या आणल्या, लांब चिमटे आणले, कुणी किती सेकंद जवळ जायचे ते घड्याळ लावून ठरवले. सर्वांत पुढे ते स्वतः गेले, मला हातात घेऊन, माझ्याच काट्याकडे बघत. दगड बाजूला झाला, नळी सरळ झाली, हँडल फिरले. साडेसहाला माझा काटा सरसर उतरला आणि दोनवर थांबला. अतिक जवळ आला. माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाला, "आज से डब्बा नहीं बोलूंगा." मीही त्याला माफ केले.

कुणाला इजा झाली नव्हती. अंगाला किती किरण लागले ते टिपणारे छातीवरचे बिल्ले तपासायला गेले आणि नंतर आकडेही काळजी न करण्याजोगे आले. पण गोष्ट इथे संपली नाही, मित्रांनो. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली.

नियम असा होता, की सोर्स अडकला तर चोवीस तासांत मंडळाला कळवायचे. म्हणजे दुपारी साडेतीनपर्यंत. मी मयुरीच्या टेबलावर होतो. समोर वही उघडी होती आणि तिच्यात तो आकडा. दोन. मयुरीचे डोळे सुजले होते. हेमराजसाहेब खिडकीपाशी उभे होते.

"मयुरी, तू लिहिलंस ते संध्याकाळी खरंच झालं ना?" ते हळू आवाजात म्हणाले. "दोनच आहे आता. राहू दे तसंच. परवान्याचा अर्ज गेलाय. आत्ता हे कळवलं तर काम बंद पाडतील. अकरा घरं आहेत. आणि तुझी चूकही कुणाला कळायची नाही."

"आणि कुणी विचारलं तर, साहेब?"

"म्हणू, मीटर जुना झालाय. तारीख उलटलेला. उन्हात भलतंच काहीतरी दाखवलं त्यानं."

मला डबा म्हटलेले चालले असते. पण हे? काल ज्याने माझ्या काट्यावर भरवसा ठेवून पाऊल टाकले, त्याच माणसाने आज मला खोटे ठरवावे? मला बोलता येत असते तर काय काय बोललो असतो. पण मला फक्त टिकटिकता येते. आणि तेव्हा तर मी बंदच होतो.

दारात कौतिकनाना उभे होते. ते कधी साहेबांसमोर तोंड उघडत नसत. "साहेब, मीटर खोटं नई बोलस," ते म्हणाले. "काल त्यानी आमले वाचाडं."

मयुरीने वही पुढे ओढली.  "साहेब, नाना काल दोन तास उन्हात उभे राहिले, माझ्या या दोनामुळे. धुरपदाबाई आणखी दहा पावलं पुढे आल्या असत्या तर? आज हे असंच ठेवलं, तर उद्या नाना 'दोन शे' म्हणतील तेव्हा मी काय समजायचं?"

साहेब पुन्हा खिडकीकडे वळले. बाहेर पांझरा नदीच्या पुलावरून शाळेच्या गाड्या जात होत्या. मयुरीने कोरा कागद घेतला आणि लिहायला लागली. "फोनवर मी 'दोन शे' असे ऐकले, प्रत्यक्षात ते 'दोनशे' होते, ही चूक माझी आहे." सगळे लिहिले, वेळेसकट. कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग खिशातून पेन काढून खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली. "मीटरच्या तपासणीची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली आहे, मुदतवाढ मागितली नव्हती, जबाबदारी माझी." आणि सही केली. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्या एका ओळीसाठी मी त्यांना सगळे माफ केले.

आठव्या दिवशी मुंबईहून मंडळाच्या बाई आल्या. चष्मा नाकावर, बोलणे मोजके. त्यांना आधी पटेचना. "दोन आणि दोनशे सारखं कसं ऐकू येईल?"

मग त्यांनी गंमत केली. नानांना दाराबाहेर उभे केले, मयुरीला आत डोळे मिटून बसवले. नानांनी पाच वेळा आकडा सांगायचा, कधी हा, कधी तो. मयुरीने ओळखायचा. पाचांपैकी तीनच वेळा तिला बरोबर ओळखता आले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फायलीत काहीतरी लिहिले आणि मयुरीला विचारले, "शे कसं लिहायचं? शहामृगाचा श?" आमचा अहिराणी शब्द त्या दिवशी मुंबईच्या फायलीत जाऊन बसला.

"नियमानं मी तुमचा परवाना थांबवू शकते," बाई हेमराजसाहेबांना म्हणाल्या. "मीटरची तारीख उलटली, हे लहान नाही. एक पत्र लिहिलं असतं तर महिनाभर मुदत दिली असती आम्ही."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतले.

"पण तुम्ही वेळेत सांगितलंत, स्वतःहून, स्वतःच्या चुकीसकट. म्हणून परवाना राहील. मीटर तपासून येईपर्यंत काम बंद. एक मीटर जास्तीचा घ्यायचा, एक फोन जास्तीचा ठेवायचा. आणि फोनवर एकेक आकडा सुटा सांगायचा. दोन-शून्य-शून्य. 'शे' म्हणायचं नाही."

नाना चाचरत म्हणाले, "बाई, शे नई म्हनानं, त मंग काय म्हनानं? आमनं बठ्ठं शेवरच चालस."

आता मात्र बाईंना हसू आवरेना.

मी प्रयोगशाळेत गेलो. धडधडत गेलो. तिथल्या माणसाने मला खऱ्या मापापुढे धरले आणि माझा काटा जिथे थांबायला हवा, अगदी तिथेच थांबला. त्या दिवशी मी खरेच बोललो होतो, याची नोंद झाली. काम बावीस दिवस बंद राहिले. अकरा घरांना ते दिवस जड गेले, पण कुणी मयुरीला बोल लावला नाही.

आता माझी मूठ तडकली आहे. माझ्या जागी नवे मीटर आले आहेत, काट्याऐवजी चमकते आकडे दाखवणारे. मयुरीने किरणांच्या सुरक्षेची परीक्षा दिली आणि आता कंपनीची सुरक्षा तीच बघते. रोज संध्याकाळी फोन येतो. "दोन. एकच आकडा. पुढे काही नाही." ती तो परत म्हणून दाखवते, मगच लिहिते. मी तिच्या खिडकीतल्या फळीवर असतो. पांझरेवरून वारा येतो, मी पेंगतो, आणि स्वप्नात मला सोनगीरचा किल्ला थरथरताना दिसतो. पण 'शे' काही या खोलीत ऐकू येत नाही. मला त्याची आठवण येते.

गेल्या आखाजीला कौतिकनाना निवृत्त झाले. परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. कामाचा नव्हता, म्हणून मयुरी फोनवर हसून बोलत होती. मग ती एकदम थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. नानांनी विचारले होते, "मना मीटर कोठे शे? भंगारमा टाकी दिधा का?"

"नई, नाना," मयुरी म्हणाली. "आठेच शे, फळीवर."

"चालस का?"

तिने फळीवरून मला उचलले, काच पदराने पुसली, बटण दाबले आणि फोन माझ्याजवळ धरला. खोलीत काहीच नव्हते. फक्त काळ्या पाषाणाचे, मातीचे, आभाळाचे इवले किरण. मी टिक केले. थोड्या वेळाने पुन्हा टिक केले. पलीकडे नाना ऐकत होते.

मित्रांनो, तुमच्याभोवतीही माझ्यासारखे कुणीतरी असेल, धोका सांगणारे. त्याची तारीख उलटू देऊ नका, त्याचे सेल संपू देऊ नका. त्याने सांगितलेले नीट ऐका, आणि ऐकण्यात चूक झालीच तर ती लगेच सांगून टाका. बाकी माझी काळजी करू नका. मी अजून शे.